धवलारणीच्या गोळ्या

पनवेलच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. गर्दी असली की बायका काही गोष्टी मागत नाहीत. बाजूला उभ्या राहून काचेतल्या पावडरी बघतात, आणि पुरुष गिऱ्हाईक पायरी उतरलं की हळूच पुढे सरकतात. ती तशी नव्हती. ती पायरी चढता चढताच ओरडायची, "ए मेडिकल! पोरं न होन्याच्या गोल्या काढ!"

दुकानावर माझ्या नावाची पाटी आहे, पण तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. मी तिला ताई म्हणायचो, ती मला मेडिकल. तिचा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. तो अपघातात गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. म्हणजे एक विधवा बाई भर दुकानात उभी राहून या गोळ्या मागायची. नवखा माणूस असला की चपापून तिच्याकडे बघायचा. ती त्याच्याकडे वळून सांगायची, "काय बगतस? परवा लगीन हाय. देवाचं काम हाय. तुझ्या मनात हाय ते नाय."

ती धवलारीण होती. आमच्याकडे आगरी लग्नांत भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंतचे सगळे विधी ती गाऊन करते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती कुणी पुस्तकात बघून गात नाही, सासूकडून किंवा आजीकडून तोंडी घेतलेली असतात. हिनं सासूकडून घेतली होती. उलव्यापासून कर्नाळ्याच्या पायथ्याच्या गावांपर्यंत लोक आधी हिला विचारायचे आणि मग लग्नाची तारीख ठरवायचे.

धवलारणीला मांडवात पाळी चालत नाही. तिची सासू म्हातारी होती, तिला ती अडचण नव्हती. ही तिशीत या कामात पडली. "नवरा मेलेली चालते यांना," ती म्हणायची, "अडचन आलेली चालत नाय. कसला हिशेब हाय, मेडिकल?"

सुरुवातीला ती प्रत्येक लग्नाच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या न्यायची. मुंज, सत्यनारायण, गणपती, यात्रा, सगळ्यांसाठी आमच्याकडे बायका त्या गोळ्या नेतात. चिठ्ठी कुणी आणत नाही आणि कुणी मागत नाही. पण तुळशीचं लग्न लागलं की हिची लग्नं एकामागोमाग सुरू व्हायची. गोळ्या थांबवल्या की दोन दिवसांत पाळी यायची, तेवढ्यात पुढचं लग्न उभं. एकदा ती काउंटरवर कोपर टेकून वैतागून म्हणाली, "दर लगनाला ही कटकट. काय तरी कायमचा सांग की रं."

मी सांगितलं. मोठ्या हुशारीनं सांगितलं. म्हटलं, ताई, त्यापेक्षा ही पाकिटं घ्या, कुटुंबनियोजनाची. पांढऱ्या गोळ्या संपल्या की शेवटच्या तपकिरी गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्या नुसत्या लोहाच्या असतात. लगेच दुसरं पाकीट सुरू करायचं. पाळी येणारच नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हनजे सगला सीझन सुटका?"

"सगळा सीझन."

"अरं मग आदी का नाय बोललास?"

डॉक्टरला विचारा, असं मी तिला म्हटलं नाही. किती दिवस घ्यायच्या, केव्हा थांबायचं, हेही बोललो नाही. तिनं सीझन म्हटलं, मी सीझन समजलो. पण सीझन संपला तरी ती येत राहिली. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हाही येत राहिली, आणि मी देत राहिलो. मध्ये बरीच वर्षं गेली. एकदाही मी तिला, "अजून कशाला, ताई?" असं विचारलं नाही. ती मोठ्यानं मागायची, मी हसत द्यायचो, आणि त्या हसण्यात माझं डोकं बंद पडलेलं असायचं.

त्या तपकिरी गोळ्या ती फेकायची नाही. दारात तिचा एक शेवगा होता, त्याच्या बुडाशी पुरायची. "झाराला पन रगत लागतं," असं म्हणायची. त्या शेवग्याच्या शेंगा तिनं मला एकदा आणून दिल्या आणि मी खाईपर्यंत विचारत राहिली, कशा लागल्या, रगतावानी लागल्या का.

तिचं सगळंच असं. लग्नघरी ती खुर्चीवर बसायची नाही, घरून लाकडी पाट घेऊन जायची. खुर्चीत दम दुमडतो म्हणे. गाणं होईपर्यंत अन्नाचा कण घ्यायची नाही, आणि झालं की उभ्या उभ्या इतकं जेवायची की वाढपी तोंडाकडे बघत राहायचे. कुणी तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण करू लागलं की गात गातच त्याच्या गालावर हळद फासायची. एका हळदीत डीजेवाला आवाज कमी करेना. घरच्यांनी त्याच्या विनवण्या केल्या, नवऱ्याच्या मामानं दम भरला. ही उठली, पाट उचलला, थेट त्याच्या पेटीसमोर जाऊन पाट मांडला आणि त्याच्याकडे टक लावून बसली. बोलली नाही, गायली नाही. त्या पोरानं एक गाणं वाजवलं, दुसरं वाजवलं, तिसऱ्याला स्वतःच बटण फिरवलं. मग ती म्हणाली, "जेवलास का?" आणि त्याला जेवायला घेऊन गेली. परत येऊन गायला बसली.

तिचा दम हा गावोगाव बोलायचा विषय होता. एक कडवं ती एका श्वासात न्यायची आणि ते संपेपर्यंत ऐकणाऱ्यांचाच जीव घुसमटायचा. मी दुकान भाच्यावर सोडून काही लग्नांना जायचो ते त्यासाठी.

अशाच एका लग्नात मी पहिल्यांदा तिला कडवं मध्ये तोडताना पाहिलं. उजवा हात बरगडीखाली दाबला, डोळे मिटले, आणि तिथून पुढे प्रत्येक ओळीला श्वास घेत गायली. लोकांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "पित्त झालंय वाटतं. इथं दुखतंय."

मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आठवडाभरानं आणखी दिल्या. बरगडीखाली उजवीकडे दुखतंय म्हणून सांगणारी बाई आणि मी तिला पित्ताच्या गोळ्या देतोय. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचा चेहरा पिवळट पांढरा पडला होता, आणि तिनं पायरीवरून हाक मारली नाही. त्या न मारलेल्या हाकेनं मी घाबरलो. रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन सोनोग्राफीला गेलो.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांच्या लिव्हरमध्ये गाठ आहे. मोठी आहे. उद्याच्या उद्या मोठ्या हॉस्पिटलला जा."

ती टेबलावरूनच म्हणाली, "उद्या नाय जमनार, उद्या उसर्लीला मांडव हाय."

मी तिला तो मांडव करू दिला नाही. मी जवळपास ओरडलोच तिच्यावर. तिनं मला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळेच बहुधा तिनं उसर्लीला फोन लावला.

कळंबोलीच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टर होते. पोट न उघडता, रक्तवाहिनीतून बारीक नळी आत नेऊन उपचार करणारे. त्यांनी सगळे फोटो काढायला लावले, एमआरआय करवला, आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. ही कॅन्सरची गाठ नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मी श्वास सोडला. पण लगेच म्हणाले, साधी असली तरी ही गाठ रक्तानं भरलेली आहे, आणि आत थोडा रक्तस्राव होऊनही गेलाय. ते दुखणं त्याचंच. बाहेरच्या बाजूला फुटली तर सगळं रक्त पोटात. मग हॉस्पिटलला पोचायला वेळ मिळेलच असं नाही.

"काही हार्मोनच्या गोळ्या घेता का?" त्यांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघायच्या आत मी बोललो. काय गोळ्या, कशा, मध्ये थांबणं नाही, सगळं. डॉक्टर माझ्याकडे न बघता लिहीत राहिले. मग म्हणाले, "अशा गाठी या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांत जास्त दिसतात. यांच्यात तेच कारण झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. पण आजपासून बंद. कायमच्या."

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, डॉक्टर काहीही म्हणोत. ती पाकिटं मी तुम्हाला सुचवली. मी थांबवायला हवं होतं."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चा पाज." पुढचे कितीतरी महिने तिनं तो विषय तोंडातून काढला नाही, आणि मी रोज वाट बघत राहिलो की आज काढेल.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत ऑपरेशन करून तो भाग काढून टाकावा असं होतं. तिनं विचारलं, "पोट कुठून कापनार?" त्यांनी स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं, बरगड्यांच्या खालून आडवं. ती उठलीच. "तिथंच तर माझा दम हाय. तो कापलात तर मी घरी जाऊन काय करू, मच्छी सुकवू?"

मग नळीवाल्या डॉक्टरांनी मध्यम मार्ग काढला. गाठीला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करायची. रक्तस्रावाची भीती कमी होईल, गाठ उपाशी पडून आकसेल. त्यानंतरही मोठी राहिली तर ऑपरेशनचं बघू.

"आनि बाकीचा काळीज? तो नाय मरनार?" आमच्याकडे जुनी माणसं यकृतालाही काळीजच म्हणतात.

"त्याला दुसरीकडूनही रक्त येतं, आतड्यांकडून येणारी मोठी शीर असते. गाठ मात्र बहुतेक या एकाच धमनीवर जगते."

तिला ते चटकन समजलं. तिच्या माहेरची खारजमीन होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं न घ्यायचं ते बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, फळ्यांवर असतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. "म्हनजे उघाडी बंद करनार तुमी. वरचा गोडा पानी येत राहील, खाडीचा नाय येनार."

डॉक्टर हसले. "हो, पण तुमच्या उघाड्या मला शोधाव्या लागतील. केसाएवढ्या बारीक असतात."

नळी घालायच्या दिवशी तिची मुलगी पेणहून आली होती, ती खाली देवळात जाऊन बसली. तिच्याच्यानं बघवणार नव्हतं. मी औषधांच्या धंद्यातला म्हणून डॉक्टरांनी मला काचेपलीकडच्या खोलीत, पडद्यांपाशी उभं राहू दिलं. हे त्यांनी उपकार म्हणून केलं की शिक्षा म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती जागी होती. जांघेत फक्त भूल दिलेली. तिथून नळी आत गेली, आणि पडद्यावर एक काळी रेघ वर वर सरकू लागली. फोटो काढताना पेशंटनं श्वास रोखायचा असतो, नाहीतर चित्र हलतं. तंत्रज्ञ माइकवरून सांगायचा, "ताई, श्वास घ्या. रोखा." नळीतून सोडलेल्या द्रवानं क्षणभर सगळ्या शिरा उमटायच्या, निष्पर्ण झाडासारख्या, आणि त्या झाडाच्या एका बाजूला काळ्या धाग्यांचा गुंताडा. ती गाठ. "सोडा."

ती सोडायची नाही.

"ताई, सोडा आता. श्वास सोडा." तंत्रज्ञ घाबरला. नर्स वाकली. तेव्हा कुठे तिनं हळूहळू, एका धारेत श्वास सोडला आणि म्हणाली, "कडवा पुरा होऊं दे की रं. मध्येच काय तोडतस."

हसू येण्याची ती जागा नव्हती, पण डॉक्टरांच्या मास्कमागे गाल हलले. मात्र पुढे कुणी हसलं नाही. गाठीकडे जाणारा फाटा अगदी वाकडा निघत होता. नळी तोंडाशी जायची आणि निसटून दुसऱ्या फांदीत शिरायची. डॉक्टर काढायचे, पुन्हा घालायचे. ते नुसतं हातानं तार बदलून मागायला लागले. मला कळत होतं की धमनी बंद करायला सोडायचे बारीक कण चुकीच्या फांदीत गेले तर तिकडचा चांगला भाग मरेल. मला हेही कळत होतं की इथं पडलेल्या बाईला मी इथवर आणलंय. मी काचेला हात टेकला होता. तंत्रज्ञानं मला हात काढायला सांगितलं, काचेवर डाग पडत होते.

आतून तिचा आवाज आला. तोंड कोरडं पडलेलं. "घावली का उघाडी?"

रेघ पुन्हा पुढे सरकली, थरथरली, आणि वळली. ते वळण मी अजून हातानं काढून दाखवू शकतो. "घावली," डॉक्टर म्हणाले. पनवेलमध्ये वाढलेला माणूस, तोही तिच्यासारखंच बोलून गेला.

कण सोडायला लागले तशी तिला बरगडीखाली कळ आली. ती ओरडली नाही. तिनं नाकानं सूर धरला, शब्द नसलेला, आणि कळ उतरेपर्यंत धरून ठेवला. मग तंत्रज्ञानं पुन्हा श्वास रोखायला सांगितलं. पडद्यावर झाड उमटलं. गुंताडा नव्हता. त्या जागी फक्त मोकळी जागा होती, आणि मी ती बघून खुर्चीत बसलो.

नंतर तिला ताप आला, उलट्या झाल्या. असं होतं हे आधीच सांगितलेलं होतं. तरी मी रोज हॉस्पिटलच्या चकरा मारत होतो. ती मला म्हणायची, "दुकान हाय का विकलास?" काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा गाठ निम्म्याच्याही खाली आली होती. डॉक्टर म्हणाले, कापायची गरज सध्या तरी नाही, लक्ष ठेवू. पण गोळ्यांचं त्यांनी पुन्हा बजावलं. त्या सुरू केल्या तर उरलेली गाठ परत डोकं वर काढू शकते.

पाळी परत आली. आणि लग्नाचा सीझनही आला.

तिनं पहिली काही लग्नं बरोबर मधल्या दिवसांत बसवली. मग बेलपाड्याचं एक मोठं घर आलं. नवरीची आजी गावात शब्दाला वजन असलेली बाई. हिनं तिच्या घरी, तिच्या मुलींच्या लग्नांत सासूमागे बसून गायलेलं. तारीख त्यांनी हॉलप्रमाणे ठरवली होती, आणि ती हिच्या नेमक्या दिवसांत येत होती.

ती दुकानात आली. गर्दी होती. ती ओरडली नाही. बाजूला उभी राहून काचेतल्या पावडरी बघत राहिली. मी गिऱ्हाइकं भराभर उरकली. दुकान मोकळं झाल्यावर पुढे आली.

"एवढ्या एका लगनाला दे."

"नाही ताई."

"पाकीट नको बोलतंय मी. ती आदीची दे, ढकलायची. चार-सा गोल्यांनी काय व्हतंय?"

"काय होतंय ते तुम्ही बघितलंय. मी नाही देणार."

"मग तू ये गायला." ती चिडली होती. "तुना काय, तू नाय बोलून मोकला. मी तिथं काय सांगू? मी नाय गेली तर उद्या ते दुसरी बघतील, परवा बोलतील हिला आता जमत नाय. मंग दम राहून उपेग काय? पनवेलात मेडिकल तू एकटाच नाय."

ते खरं होतं. स्टेशनपर्यंत जाईस्तोवर तिला कितीतरी दुकानं लागली असती, आणि कुणीही तिला चिठ्ठी विचारली नसती. मीही आयुष्यभर कुणाला विचारली नव्हती. ती पायऱ्या उतरून गेली. मी मागोमाग गेलो नाही. काय म्हणून गेलो असतो?

ते दिवस मी कसे काढले ते मला माहीत. तिला फोन केला तर ती उचलायची नाही. शेवटी मांडवाच्या सकाळी मी बेलपाड्याला गेलो. आमंत्रण नव्हतं. माझा हिशेब सरळ होता. ती मांडवात बसून गात असली, तर तिनं कुठून तरी गोळ्या घेतल्या. गात नसली, तर नाही घेतल्या.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि तिचा आवाज ऐकू आला. लाउडस्पीकरवरून, स्वच्छ, लांबच लांब जाणारा. मी स्कूटरचा आरसा धरून उभा राहिलो. माझ्या मनात आलं, संपलं. एवढं सगळं करून ती पुन्हा त्याच वाटेनं गेली, आणि ती वाट मी दाखवली होती.

मांडवापर्यंत जायचं धाडस होईना. बाजूला पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या सावलीत जावं म्हणून वळलो, तर टँकरच्या चाकाशी, आपल्या पाटावर, ती बसलेली. पदर डोक्यावरून घेऊन, गुडघ्यांवर हात ठेवून. मांडवातून तिचा आवाज येत होता आणि ती माझ्यासमोर तोंड मिटून बसली होती.

"ताई?"

"रेकॉर्डिंग," ती म्हणाली. "गेल्या वर्साचा. कुना पोराकडं मोबाइलात व्हता. सकाली आयली मना. मी आजीला सांगितला, अडचन हाय, मांडवात नाय शिरनार, बाहेर बसून गाते. घरचे बोलले नको, बाहेर बसली तरी हाक देवाला जाते. मग हे लावला."

"म्हणजे गोळ्या..."

"नाय घेतल्या." एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती कान देऊन स्वतःचंच गाणं ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी भयंकर येत चाललं होतं. "आता बग," ती म्हणाली. "आता मूळपुरुष येतील."

मांडवाच्या धवल्यात धवलारीण देवांना बोलावते आणि त्यांच्यामागून त्या घराच्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. आजे, पणजे, बाळंतपणात गेलेल्या सुना, सगळे. त्यासाठी ती आधी घरी जाऊन म्हाताऱ्यांना नावं विचारून येते. रेकॉर्डिंगमधली नावं या घरची नव्हती. गव्हाणकडच्या कुणा लोकांची होती. लाउडस्पीकर एकेक परकं भूत हाक मारून बेलपाड्याच्या मांडवात आत घेऊ लागला.

आतला गलबला थांबला. मग एका म्हातारीचा आवाज फाटला. "बंद कर! बंद कर ते मेल्या! कुनाचे बापजादे घालतस माझ्या मांडवात!" गाणं मध्येच तुटलं. मांडवाचं कापड बाजूला झालं आणि आजी बाहेर आली, हातात कसलीशी पळी, मागे चार-पाच बायका आणि नवरीचा काका.

ती थेट टँकरपाशी आली. "ऊठ. चल."

"मना अडचन हाय, आजी."

"म्हाईत हाय."

"सगल्यांना म्हाईत हाय का? उद्या कुना पोराला ताप आयला तर बोलतील, धवलारीण शिवली व्हती. मी चोरून बसनार नाय." ती अजून बसलेलीच होती. हात तिनं पदरात घेतले. "आजवर चोरूनच बसली. गोल्या खाऊन. पोटात गाठ झाली माझ्या, म्हाईत हाय तुमाला? मरत व्हती मी."

काका म्हणाला, "आई, असं कसं चालंल? पावनं काय..."

आजीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. परत मांडवात गेली. थोड्या वेळानं स्पीकर कडकडला आणि तिचा आवाज आला, माइक तोंडाला चिकटवल्यासारखा. "ऐका. धवलारणीला अडचन आयलीय. आमच्या घराला चालतंय. जो येल तो आमचा, मेलेला नि जिता. ज्याला चालत नसल त्यानं जेवून घरी जावा."

मांडवात कुणी हसलं, कुणी खुर्ची सरकवली. मी वाट बघत होतो की कोणी उठेल. एक-दोघे उठलेही. बाकीचे बसून राहिले.

ती पाट उचलून उभी राहिली. मग थांबली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "उभा काय राहतस? जा, पॅड आन. मोठं. मांडव लांब चालनार हाय आनि मी पाटावरनं उठनार नाय."

मी पळालो. गल्लीच्या कोपऱ्यावर एक मेडिकल होतं. काउंटरच्या या बाजूला मी क्वचितच उभा राहिलो असेन. पोरानं पाकीट काढलं आणि सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. मी म्हटलं, राहू दे. तसंच हातात धरून, सगळ्या बायाबापड्यांच्या देखत, गल्लीतून परत आलो आणि तिला दिलं.

तिनं पाकीट उलटून पालटून बघितलं. मग मान वर केली.

"मोठं बोलली व्हती ना? हे बारकं आनलास." तिचे डोळे बारीक झाले होते, आणि मला अजून कळलेलं नाही की त्यांत हसू होतं की दुसरं काही. "एवढी वर्सं गोल्या बऱ्या न चुकता देत व्हतास, मेडिकल."

मी वळलो, आणि पुन्हा त्या दुकानाकडे पळत सुटलो.